सव्वा मूठ

मागच्या श्रावणात आमच्याकडे रोट झाले नाहीत.
सुतक होतं.
कानबाईचा चौरंग माळ्यावर, उलटा,
त्याच्या चार पायांत कोळ्यानं संसार मांडलेला.

यंदा नागपंचमी झाली आणि
सासूबाईंनी सूप मागितलं.
एवढंच. बाकी काही बोलल्या नाहीत.
सासरे बाजारातून गहू घेऊन आले,
पिशवी दारात ठेवून
पुन्हा बाहेर गेले, चप्पल न घालता.

आमच्यात घरातल्या दर पुरुषामागे
सव्वा मूठ गहू घेतात.
मूठ माणसाची.
वरचा पाव कोणाचा, हे मी लग्न होऊन आले तेव्हा विचारलं होतं.
भटू म्हणाला होता, "तो देवीचं कमिशन,"
आणि सासूबाईंनी त्याला लाटणं फेकून मारलं होतं.

पहिली मूठ सासऱ्यांची. वर पाव.
दुसरी थोरल्या दिरांची, सुरतेला साडीच्या मार्केटात असतात,
मूठ मात्र अमळनेरातच भरते.
तिसरी लोकेशची, त्याला मिसरूड फुटलंय आता.
चौथ्या वेळेला हात डब्यात गेला
आणि तिथेच राहिला.

मी भिंतीपाशी होते.
मला कुणी बस म्हटलं नव्हतं,
ऊठही म्हटलं नव्हतं.
पंखा एकाच कुशीवर फिरत होता, कुरकुरत.
डब्यातल्या गव्हाचा आवाज यायचा थांबला
तेव्हा कळलं, मी तो ऐकत होते.

"आजी, माझी कितवी?"
चैताली. सहा वर्षांची. गुडघ्याला खपली.
जाऊबाई हळूच म्हणाल्या, "पोरींची नसते गं बेटा."
वाईट हेतूनं नाही. नसतेच.

सासूबाईंनी हात बाहेर काढला. रिकामा.
"कोन म्हनस नसते?
तिना बापनी जागा शे ती.
भरू दे तिले."

तिच्या मुठीत मावले कितीसे,
त्यातले निम्मे सुपाबाहेर सांडले.
मग वरचा पाव सासूबाईंनी स्वतःच्या हातानं घातला.
मुठीपेक्षा पाव मोठा झाला.
कुणी काही म्हटलं नाही.
जाऊबाई सांडलेले दाणे वेचत राहिल्या,
वेचून झाले तरी.

मला देव कळत नाही.
धुळ्याच्या दवाखान्यात त्या रात्री
जिन्याखाली उभी राहून मी कानबाईला जे बोलले
ते परत उच्चारायची माझी हिंमत नाही.
ती ऐकून घेणारी असेल तर तिनं ऐकलंय.
रविवारी ती नारळ होऊन, नथ घालून
आमच्या चौरंगावर बसली
तेव्हा मी तिच्याकडे पाहिलं नाही
आणि तिनं, मला वाटतं, राग धरला नाही.
एवढ्यावर आमचं सध्या चाललंय.

रात्रभर बायका गात होत्या.
मी रोट भाजले. चैतालीचा एका बाजूला करपला,
तिनं तोच मागितला.

पावणेपाचला आतल्या खोलीत
भटूच्या मोबाईलचा गजर वाजला.
रोज वाजतो. पाण्याच्या जारची गाडी त्याला पाचला काढावी लागे.
मी तो बंद करत नाही, चार्जिंग करते.
सासूबाई गाणं न थांबवता माझ्याकडे बघून
मान हलवल्या: वाजू दे.

सकाळी बोरीला फार पाणी नव्हतं,
घोट्याएवढं.
सासऱ्यांनी कानबाई वाकून, बाळ निजवावं तशी ठेवली.
"बुडत नाहीये ती," चैताली म्हणाली.
"नाही बुडत," ते म्हणाले. वर्षभरात
त्यांचं पहिलं पूर्ण वाक्य.

परतताना मोबाईल पुन्हा वाजला, या वेळी फोन होता.
कुठलासा मंगल कार्यालयवाला, त्याला काही माहीत नव्हतं.
"भटूभाऊ, वीस जार लागतील आज, जमेल ना?"
टेम्पो अंगणात उभा होता, ताडपत्रीखाली.
चावी खिळ्याला. लायसन माझंही आहे,
त्यानंच हट्टानं काढायला लावलेलं.

हो, म्हटलं.
नऊपर्यंत येते.